इंदूरसारख्या शहरात बसून एकट्यानं ॲप बनवून पोट भरतं का? आणि दिवसभर डोक्यात नेमकं काय चालू असतं?

पोट अर्धं भरतं. उरलेलं अर्धं दुसऱ्यांच्या कामांवर, म्हणजे एका फरसाणवाल्याचं बिलिंग, पुण्यातल्या मित्राच्या कंपनीचं थोडंफार कॉन्ट्रॅक्ट, कुणाची तरी बंद पडलेली वेबसाइट. घर लोकमान्य नगरात, आजोबांनी बांधलेलं, भाडं नाही, सकाळी पोहे-जिलबी खाल्ली की दुपारपर्यंत भूक नाही, म्हणून चाललंय. भाड्याच्या घरात राहून नोकरी सोडायचा विचार असेल तर आधी वर्षभराचा खर्च बाजूला काढा मग सोडा, एवढा सल्ला फुकट.

माझं ॲप दुधाच्या हिशेबाचं आहे. हसू नका. आमच्याकडे महिन्याचं दूध लावलं की त्याला बंदी म्हणतात, बंदीचा भाव वेगळा, खुल्या दुधाचा वेगळा, आणि कधी खाडा, कधी पाहुणे आले म्हणून अर्धा लिटर जास्त, मधेच भाव वाढतो तो पण पंधरा तारखेपासून. महिन्याच्या शेवटी दूधवाला त्याची डायरी काढतो, आई कालनिर्णय काढते आणि दोघांचं जुळत नाही. म्हणून बनवलं. रोजचं दूध ॲपमध्ये टाकायचं, खाडा टाकायचा, शेवटी बेरीज. बास. फुकट आहे, फक्त दोन-तीन दूधवाले ठेवायचे असतील (गायीचं वेगळं, म्हशीचं वेगळं असं पुष्कळ घरांत असतं) तर एकदाच 99 रुपये. त्यातले 15 टक्के प्ले स्टोअरचे, टॅक्स वेगळा. 2021 च्या जुलैपर्यंत हे 30 टक्के होते, तेव्हा जास्त टोचायचं. आयफोनवर का नाही असं दर महिन्याला कुणीतरी विचारतं. अँड्रॉइडचं डेव्हलपर अकाउंट आयुष्यात एकदा 25 डॉलर देऊन मिळतं आणि ॲपलला दरवर्षी 99 डॉलर द्यायचे, आता 99 रुपयांच्या ॲपवाल्यानं 99 डॉलर कशाला भरायचे तुम्हीच सांगा.

आता डोक्यात काय चालू असतं. नवीन आयडिया वगैरे काही नसतं हो. लोकांना वाटतं हा बसून काहीतरी भन्नाट शोधून राहिलाय. मी बहुतेक वेळ ॲप आहे तिथंच उभं ठेवायला घालवतो. फोन बदलतात, अँड्रॉइड बदलतं, नियम बदलतात, तुम्ही एक ओळ नाही बदलली तरी चालू ॲप आपोआप जुनं होत जातं आणि मग एके दिवशी नासतं, दुधासारखंच म्हणा. दरवर्षी 31 ऑगस्टच्या आसपास गूगलची तारीख असते, तोपर्यंत नव्या अँड्रॉइडसाठी ॲप तयार केलं नाही तर अपडेट टाकता येत नाही. आणि ही तारीख कधी कधी येते नेमकी गणपतीत. 2025 मध्ये तर 31 ऑगस्टलाच गौरी आणायच्या होत्या. घरात बायका हळदीकुंकवाची पावलं काढून राहिल्या होत्या आणि मी वरच्या खोलीत अँड्रॉइड 15 शी झगडत होतो, कारण त्यात सगळी ॲप्स स्क्रीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरवायची सक्ती आहे, त्यामुळे माझी वरची पट्टी घड्याळ नि बॅटरीच्या खाली घुसली आणि 'खाडा' हे बटण खालच्या बटणांच्या मागं गेलं. मुदतवाढ मागता येते पण मागितली की ते काम नोव्हेंबरपर्यंत डोक्यावर बसतं. खालून आई ओरडत होती, घंटा वाजवायला तरी ये. एका हातात फोन घेऊन घंटा वाजवली.

बाकी दिवस असाच, मेल आणि रिव्ह्यू. रिव्ह्यू म्हणजे एक वेगळंच जग आहे. 'दूध पातळ येते' म्हणून एक स्टार. आणखी एकानं एक स्टार देऊन खाली लिहिलं, 'एक नंबर ॲप'. हा नक्की इंदूरचाच असणार, 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर पकडून बसलेल्या गावाला एक म्हणजे सगळ्यात वरचं हेच माहीत. दूध टाकायची ॲपची रात्री नऊची आठवण येत नाही अशी तक्रार मात्र खरी असते आणि त्यात माझा हात अर्धाच. 2015 साली अँड्रॉइड 6 पासून फोन पडून असला की ॲप्सना झोपवायला सुरुवात झाली, मग अँड्रॉइड 14 मध्ये ठरलेल्या मिनिटाला गजर वाजवायची परवानगी नवीन ॲपला आपोआप मिळणं बंद झालं, वरून काही फोन कंपन्या बॅटरी वाचवायच्या नादात ॲप सरळ मारून टाकतात. वापरणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, त्याला दिसतं की याचं ॲप वाजलं नाही. शिव्या मला. ठीक आहे.

माझ्या मामेभावानं 2024 मध्ये ॲप टाकायचं ठरवलं तर त्याला प्ले स्टोअरचा नवा नियम लागला, नव्या वैयक्तिक अकाउंटला आधी 20 माणसांकडून सलग 14 दिवस टेस्ट करून घ्यायचं. आता 12 केलेत, तेव्हा 20 होते. सगळ्या मावश्या, काकू, गणपती मंडळाची पोरं धरून आणली आणि तेराव्या दिवशी एका मावशीनं फोनमध्ये जागा नाही म्हणून ॲप काढून टाकलं. तुम्ही सुरू करणार असाल तर 12 च्या ऐवजी 18-20 नातेवाईक गोळा करून ठेवा.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला एका चुकीतून मिळालंय, ती जरा नीट सांगतो.

आमच्या शेजारी नाना राहतात, बँकेतून रिटायर, दीड लिटर दूध, पहाटे पाच-सव्वापाचला दूधवाला येतो आणि नाना पातेलं ओट्यावर ठेवायच्या आत ॲपमध्ये टाकतात. तरी कालनिर्णयवर रेघ मारायची सोडली नाही. मी चिडवायचो, नाना विश्वास नाही का. तर एक जानेवारीला सकाळी दहाला बोलावलं.

"काय रे, काल रात्री पैसे द्यायला बसलो तर तुझं ॲप तीस दिवस दाखवून राहिलं होतं. डिसेंबर एकतीसचा असतो."

मी फोन घेतला, उघडला. एकतीस. यादीत एकतीस, बेरजेत एकतीस.

"बरोबर आहे की नाना."

"आत्ता बरोबर आहे. काल तीस होते."

मला वाटलं वय झालं, चष्मा बदलायला हवा. बोललो नाही, पण वाटलं. नानांनी दूधवाल्याला कालनिर्णयप्रमाणे एकतीस दिवसांचे पैसे देऊन टाकले होते, विषय संपला. मग 31 जानेवारीला रात्री साडेआठला त्यांनी मला घरातून अक्षरशः हाताला धरून नेलं आणि फोन समोर केला. यादीत एकतीस ओळी, मी बोट ठेवून ठेवून मोजल्या, आणि खाली बेरीज तीस दिवसांची. दीड लिटरचे नव्वद रुपये कमी. माझ्या फोनवर तेच ॲप, तीच आवृत्ती, आमच्या दुधाची बेरीज चोख.

रात्री दोनपर्यंत बसलो. फरक काय तर नाना पहाटे सव्वापाचला टाकतात आणि मी उठतोच आठला. आता जे कोड लिहितात त्यांना कळलं असेल. फोनमध्ये प्रत्येक नोंदीची वेळ साठवली जाते ती ग्रिनिचच्या हिशेबानं. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशाच्या रेषेवर लावलेलं, म्हणून आपण साडेपाच तास पुढं. म्हणजे एक तारखेला पहाटे सव्वापाचला नानांच्या पातेल्यात दूध पडतं तेव्हा ग्रिनिचला अजून आदल्या दिवसाची रात्र, पावणेबारा. यादी दाखवताना मी वेळ आपल्याकडची करून घेत होतो, पण महिन्याची बेरीज एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसकडून करून घेत होतो आणि त्याला मुद्दाम 'लोकलटाइम' असं सांगितलं नाही तर तो ग्रिनिचचीच तारीख धरतो. मी सांगितलं नव्हतं. एक शब्द. त्यामुळे साडेपाचच्या आधी दूध टाकणाऱ्यांची एक तारीख मागच्या महिन्यात जात होती, आणि महिनाअखेरीला बेरीज एक दिवस कमी. वर गंमत बघा, दुसऱ्या दिवशी पहाटे नवीन एक तारखेचं दूध टाकलं की ते मागच्या महिन्यात जाऊन पडायचं आणि आकडा आपोआप एकतीस व्हायचा. म्हणून मी सकाळी दहाला गेलो तेव्हा सगळं बरोबर. चोर रात्री येऊन पहाटे वस्तू जागेवर ठेवून जातो तसं.

एआयचं विचारणारच तुम्ही, सगळेच विचारतात. हो, वापरतो, रोज वापरतो. तो बेरजेचा भाग दुसऱ्या दिवशी त्याला दाखवला, त्यानं चहा गार व्हायच्या आत चूक दाखवली आणि ती पण इतक्या नम्रपणे की राग आला. पण दोन वर्षं तो भाग त्याला दाखवावा असं मला कशाला वाटलं असतं? बरोबरच होता ना, आठला उठणाऱ्यासाठी.

चूक दुरुस्त करायला एक मिनिट लागलं. खरा घोर त्यानंतर सुरू झाला. माझ्या लक्षात आलं की महिनाअखेरीला ॲप नेहमी कमीच दाखवत होतं, कधीच जास्त नाही. म्हणजे नुकसान दूधवाल्याचं. आणि पहाटे पाचला दूध टाकणारी घरं म्हणजे जुन्या वळणाची, महिन्याच्या शेवटच्या दिवशी रोख हिशेब चुकता करणारी. ज्यांच्याकडे नानांसारखं कालनिर्णय नव्हतं त्यांनी काय केलं असेल? मी जुने रिव्ह्यू काढून वाचत बसलो. एक सापडला, वर्षभरापूर्वीचा, पाच स्टारचा, हिंदीत लिहिलेला. त्याचा अर्थ असा की दूधवाला दर महिन्याला एक दिवस जास्त लावत होता, या ॲपमुळे चोरी पकडली, आता त्याला बंद करून दुसरा लावला, डेव्हलपरला धन्यवाद. हा रिव्ह्यू आला तेव्हा मी घरी वाचून दाखवला होता. आई म्हणाली होती, बघ, चांगलं काम करून राहिलास.

कोण दूधवाला, कुठल्या गावचा, काही कळायला मार्ग नाही. डेटा मी माझ्याकडे ठेवतच नाही, सगळं ज्याच्या त्याच्या फोनमध्ये. सर्व्हरचा खर्च नको आणि लोकांच्या घरचं मला कशाला, म्हणून असं ठेवलं होतं आणि त्याचा मला अभिमान पण होता, त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की थोडं तरी माहीत असतं तर बरं झालं असतं.

मग अपडेट काढलं आणि ज्यांच्या नोंदी साडेपाचच्या आधीच्या आहेत त्यांना ॲप उघडल्यावर एकदाच एक निरोप दाखवला, की तुमच्या मागच्या महिन्यांच्या बेरजा शेवटच्या तारखेला एक दिवस कमी दिसल्या असतील, चूक ॲपची आहे, दूधवाल्याशी यावरून वाद झाला असेल तर तो बरोबर असण्याची शक्यता आहे. खाली कुठल्या महिन्यात किती, ते पण मोजून दिलं. दोन-तीन मित्र म्हणाले वेडा आहेस का, गपचूप दुरुस्त कर, कुणाला कळणार आहे. रेटिंग पडलं, खरंय. एकानं मेल केली, "आता दीड वर्षाचे पैसे मी देऊ का तू देणार?" त्याला मी काय उत्तर देणार, खरं तर चौदाच महिन्यांचे होत होते, हजार-बाराशे, मी म्हटलं अर्धे मी पाठवतो, तर परत उत्तर नाही आलं. एका बाईंनी लिहिलं की आम्ही भैयाला बोलावून दिले, तो म्हणाला मी तर तेव्हाच सांगत होतो.

आमचा दूधवाला या सगळ्यावर नुसता हसला. त्याच्याकडे सत्तर-ऐंशी घरं आहेत, एक लांबट डायरी आणि कानावर पेन्सिल. "भिया, मेरा हिसाब तो सुबह चार बजे से चालू होता है," म्हणाला. मी नवीन काही बनवलं की आता आधी त्याला विचारतो. मागच्या आठवड्यात त्यानं सांगितलं की अधिक-उणे सगळं ठीक आहे पण माणूस सांगतो 'उद्या दूध नको' ते रात्री अकराला, तोपर्यंत आमचं गावाकडं दूध काढायचं ठरलेलं असतं, त्याचं काय करशील. त्यावर सध्या विचार चाललाय, म्हणजे डोक्यात काय चालू असतं म्हणाल तर या आठवड्यात हे.

आणि तो पाच स्टारवाला रिव्ह्यू. प्ले स्टोअरवर डेव्हलपरला उत्तर द्यायला 350 अक्षरं मिळतात, मी चार वेळा खोडून लिहिलं, की दादा ती चूक माझ्या ॲपची होती, तुमचा आधीचा दूधवाला प्रामाणिक होता, शक्य असेल तर त्याला सांगा. त्याला बरेच महिने झाले. त्यानं वाचलं की नाही माहीत नाही. रिव्ह्यू तसाच आहे, पाच स्टार, आणि अकरा जणांनी तो उपयोगी वाटला म्हणून टिक केलंय.