वाचकांचे प्रश्न : चलनातून बाद झालेल्या स्वीडिश नोटा

प्रश्न : माझा भाचा नोकरीनिमित्त स्टॉकहोमला असतो. त्याने माझ्या संग्रहासाठी २० क्रोनाची जांभळी आणि १०० क्रोनाची निळी, चमकत्या पट्टीची, अशा दोन स्वीडिश नोटा आणल्या आहेत. दोन्ही तिकडे बाद झाल्या आहेत. त्यांना काही मोल आहे काय आणि त्यांवरील चित्रे कशाची आहेत?
– एक वाचक, परभणी

उत्तर : पैशाच्या हिशेबाने फारसे मोल नाही. २०ची नोट ३० जून २०१६ नंतर आणि १००ची ३० जून २०१७ नंतर चलनातून गेली. दोन्ही विपुल छापलेल्या असल्यामुळे त्या दुर्मीळ म्हणता येत नाहीत. १६६८ साली स्थापन झालेली स्वीडनची मध्यवर्ती बँक, रिक्सबँक, जुन्या नोटा अर्ज घेऊन व शुल्क आकारून स्वीकारते, पण एवढ्याशा रकमेसाठी तो व्यवहार आतबट्ट्याचाच ठरेल.

संग्राहकाने पाहावे ते नोटांवरील चित्रांकडे. पुढच्या बाजूस ज्या व्यक्तीचे चित्र, तिच्या कार्याची खूण मागच्या बाजूस, अशी या नोटांची रचना आहे. १००च्या नोटेवर वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस आहेत आणि मागे फुलाचे परागण करणारी मधमाशी आहे; फुलांतील पुंकेसर व स्त्रीकेसर मोजून वनस्पतींचे वर्ग पाडण्याची पद्धत त्यांनीच रूढ केल्यामुळे ही निवड मला फार समर्पक वाटते. आपल्या भागातील गावरान कापसाला ‘गॉसिपियम आर्बोरियम’ हे शास्त्रीय नाव १७५३ साली देणारेही तेच. नोटेवर भिंग धरल्यास बारीक अक्षरांतले एक लॅटिन वचन सापडेल. अगदी नेहमीच्या गोष्टींकडेही नवलाने पाहावे, असा त्याचा आशय आहे.

२०च्या नोटेवर सेल्मा लागरलॉफ आहेत. साहित्याचे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला (१९०९). मागे हंसाच्या पाठीवर बसून शेतांवरून उडणारा मुलगा म्हणजे त्यांचा निल्स होल्गेर्सन. शाळकरी मुलांना देशाचा भूगोल कळावा म्हणून त्यांनी त्याची गोष्ट लिहिली होती. नव्या मालिकेत लिनियस आणि लागरलॉफ यांच्या जागी अनुक्रमे अभिनेत्री ग्रेटा गार्बो आणि बालसाहित्यकार अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन आल्या.

नोटेच्या क्रमांकातील पहिला अंक छपाईच्या वर्षाचा शेवटचा अंक असतो, तेवढी नोंद वहीत अवश्य करावी. नोटांना लॅमिनेशन मात्र कदापि करू नये आणि साध्या पीव्हीसीच्या पाकिटांतही त्या ठेवू नयेत, कारण कालांतराने ते प्लॅस्टिक चिकट होऊन कागद खराब करते. आम्लरहित कागदाचे किंवा पॉलिएस्टरचे पाकीट घ्यावे, त्यात एकच नोट घडी न घालता ठेवावी आणि पत्र्याच्या छपराखालच्या कपाटापेक्षा आतल्या खोलीतले थंड, कोरडे कपाट निवडावे. मराठवाड्यातील अनेक जुन्या घरांत निजामकाळातील हाली (हैदराबाद संस्थानाच्या चलनातील) नोटा ट्रंकेत चुरगळून पडलेल्या असतात. आपल्याकडेही त्या असल्यास त्यांची निगा याच पद्धतीने राखावी.