शोषक नळीवर पहिला लेप देताना

सौर संग्राहकातल्या, उन्हाने तापणाऱ्या शोषक नळीवर आपण निर्वात चेंबरमध्ये पातळ थरांचा लेप देतो. पहिलीच नळी काळीभोर निघाली म्हणून हुरळून जाऊ नका. साधा काळा रंगही ऊन छान शोषतो, पण तापला की तीच उष्णता अवरक्त किरणांतून बाहेर टाकतो. आपल्याला ऊन गिळून उष्णता धरून ठेवणारा लेप हवाय. म्हणून शोषण आणि उत्सर्जन, दोन्ही मोजा.

सुरुवातीला सगळं लक्ष सफाईवर द्या. धुतलेल्या नळीवर स्वच्छ पाणी ओता. सलग पातळ पडदा टिकला तर ठीक. थेंब थेंब फुटले तर तेलकटपणा उरलाय, पुन्हा धुवा. त्यानंतर उघडा हात लावायचा नाही. मी एकदा घाईत हातमोज्यांशिवाय नळी चढवली, आणि भट्टीत तापवल्यावर बोटांच्या ठशांबरहुकूम लेप सुटला!

नवख्यांच्या बाकीच्या चुका:

- पुरेसा निर्वात होण्याआधीच सुरुवात करणं. चेंबरमधली पाण्याची वाफ थर बिघडवते.
- टार्गेटवरचा (ज्या धातूच्या तुकड्यातून लेपाचे कण उडतात, त्यावरचा) ऑक्साइड शटर, म्हणजे टार्गेट आणि नळीमधलं झाकण, बंद ठेवून आधी झडवायचा असतो, तेच विसरणं.
- नळी एकसारखी न फिरवणं. थर इतके पातळ असतात की थोड्या फरकानेही रंगाचे पट्टे उमटतात. फुकटची तपासणीच ती.

तूर्त तीनच थर करा: खाली तांब्याचा परावर्तक, मध्ये धातू-सिरॅमिक मिश्रणाचा शोषक, वर सिलिकाचा परावर्तनरोधक. शोषकात धातूचं प्रमाण पायरीपायरीने बदलण्याची कसरत नंतर बघू. एका वेळी एकच गोष्ट बदला, वहीत लिहा.