मराठवाड्यातलं ‘कंट्रोल’

एका वाचक ताईंचा प्रश्न आहे: “माझं माहेर पुण्याचं, सासर परभणी जिल्ह्यातलं. सासूबाई पिशवी घेऊन निघाल्या की म्हणतात, ‘कंट्रोलात जाऊन येते.’ भात चिकट झाला की म्हणतात, ‘कंट्रोलचा हाय, असाच होतोय.’ आम्ही पुण्याला रेशन म्हणतो. कंट्रोल म्हणजे तर नियंत्रण. मग त्याचा अर्थ दुकान कसा झाला? हा गावाकडचा चुकीचा वापर आहे का? मुलांना ‘शिधावाटप दुकान’ असं शिकवावं का?”

चुकीचा मुळीच नाही. ‘पोस्टात जाऊन येते’ असं आपण रोज म्हणतो. पोस्ट म्हणजे टपाल, मग त्यात माणूस कसा जाईल, असं कुणी विचारत नाही. पोस्ट ऑफिसातलं ऑफिस गळून पडलं आणि पोस्ट राहिलं. कंट्रोलचंही तसंच झालंय. आधी होता ‘कंट्रोल भाव’, मग त्या भावाचं ‘कंट्रोलचं दुकान’, आणि शेवटी नुसतं ‘कंट्रोल’. आमच्याकडं तर दुकानात आलेल्या मालालाही कंट्रोलच म्हणतात. “कंट्रोल आलंय का गं?” याचा अर्थ गहू-तांदळाचा ट्रक येऊन गेला का. म्हणजे हुकूम, भाव, दुकान आणि धान्य या चारी गोष्टी एकाच शब्दात मावल्या.

हा शब्द परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर-सेलूपर्यंत आणला दुसऱ्या महायुद्धानं.

1939 च्या सप्टेंबरात युद्ध सुरू झालं आणि त्याच महिन्यात ब्रिटिश सरकारनं वस्तूंचे भाव बांधण्याचे अधिकार हातात घेतले. सुरुवातीला गरिबाला त्याचा फार चटका बसला नाही. चटका बसला 1942 च्या मार्चमध्ये जपाननं रंगून घेतल्यावर. ब्रह्मदेशातून दरवर्षी सुमारे दहा-पंधरा लाख टन तांदूळ यायचा, तो एकाएकी थांबला. दुसऱ्या बाजूला सैन्यासाठी धान्य, कापड, लाकूड, ताग यांची खरेदी जोरात चालू होती. इंग्लंड इथून माल उचलायचं, त्याची किंमत लंडनच्या खात्यावर पौंडात लिहून ठेवायचं, आणि त्या पौंडांच्या भरवशावर इथं रुपयाच्या नोटा छापल्या जायच्या. युद्धाच्या सहा वर्षांत चलनातल्या नोटा जवळजवळ सहापट झाल्या. युद्ध संपलं तेव्हा इंग्लंड भारताचं 1.3 अब्ज पौंडांच्या आसपास देणं लागत होतं. माल गेला आणि कागद उरला, तिथं भाव चढणारच. 1943 साली बंगालमध्ये लाखो माणसं भुकेनं गेली. त्याच वर्षी मुंबईत रीतसर रेशनिंग सुरू झालं.

‘कंट्रोल’ हे त्या सगळ्या बंदोबस्ताचं कागदोपत्री नाव. भावाचं कंट्रोल, धान्याचं कंट्रोल, सुताचं नि कापडाचं कंट्रोल. वरून ‘कंट्रोल ऑर्डर’ निघायची, तीच दुकानाच्या दारात चिकटवली जायची. त्याच काळात ‘काळाबाजार’ हा शब्द मराठीत घरोघरी पोचला. ही जोडी ध्यानात ठेवा. कंट्रोल नसतं तर काळाबाजाराला अर्थच नव्हता, एकाच मालाचे दोन भाव झाल्यावर त्यांना दोन नावं लागली.

आता पुण्यात रेशन आणि मराठवाड्यात कंट्रोल, असं का? मला यामागं नुसता योगायोग दिसत नाही. रेशन म्हणजे वाटा, माणशी किती ते. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ हिशेब, आणि सैनिकाला रोज मिळणाऱ्या शिध्यासाठी तो वापरात आला. कंट्रोल म्हणजे भाव, कितीला ते. 1943 च्या सरकारी धान्य समितीनं रेशनिंगची शिफारस केली ती लाखावर वस्तीच्या शहरांसाठी. शहरात धान्य पिकत नाही, म्हणून तिथल्या माणसाची काळजी असते वाट्याची. मराठवाड्यात त्या वेळी लाख वस्तीचं एकही गाव नव्हतं. औरंगाबादसुद्धा त्याच्या बरंच खाली होतं. इथं ज्वारी शिवारातच उभी होती. सरकार इथं आलं ते वाटा द्यायला आलं नाही. ते आलं भाव बांधायला आणि धान्य न्यायला. म्हणून इथल्या जिभेला रेशनच्या आधी कंट्रोल आणि लेव्ही (सरकारला सक्तीनं घालायचं धान्य) हे दोन शब्द लागले. विदर्भात, खानदेशात आणि पार मध्य प्रदेशातही ‘कंट्रोल की दुकान’ ऐकायला मिळतं, म्हणजे हा शब्द एकट्या मराठवाड्याचा नाही. पण मराठवाड्यात त्याला एक वेगळी किनार आहे.

ती किनार म्हणजे निजामाचं राज्य. आमच्याकडचे राज्यकारभाराचे शब्द बघा. जकात म्हणजे करोडगिरी, जिल्ह्याचा अधिकारी अव्वल तालुकदार, शिवाय महसूल कचेरीतले पेशकार, गिरदावर. सगळे फारसी-उर्दूतून आलेले, कारण कचेरीची भाषा उर्दू होती. 1918 साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात वरचं शिक्षणसुद्धा उर्दूत होतं. अशा मुलखात धान्याच्या दुकानाला उर्दू नाव पडायला हवं होतं. ते पडलं नाही, इंग्रजी पडलं. युद्ध इंग्रजांचं होतं आणि त्याचे कायदेही त्यांचेच नमुने पुढं ठेवून केलेले होते. त्यामुळं माझ्या समजुतीनं शब्द हैदराबादेत उतरला तो भाषांतर न होताच, आणि तसाच खाली खेड्यात आला. नंतर सरकारनं ‘रास्त भाव दुकान’ असा शब्द केला. ‘रास्त’ हा फारसी शब्द मराठवाड्याच्या कानाला ओळखीचा, तरी लोकांनी तो पाटीवरच ठेवला.

लेव्हीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तिच्याशिवाय कंट्रोल अर्धंच कळतं. लेव्ही म्हणजे शेतकऱ्यानं ठरलेलं धान्य ठरलेल्या भावात सरकारला घालायचं. इंग्रजीत तो शब्द आला फ्रेंचमधून, ‘उचलणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून. आमच्याकडं तिच्यासोबत आजही ‘घालणे’ हेच क्रियापद येतं: “लेव्ही घातली का?” दंड भरतात, सारा भरतात, पण लेव्ही घालतात, जनावरापुढं वैरण घालावी तशी. निजामी मुलखात युद्धकाळात ही सक्तीची वसुली सुरू झाली. तिचा राग इतका साचला की पुढं 1947-48 च्या मुक्तिसंग्रामात करोडगिरीचे नाके जाळणं, शिंदीची झाडं तोडणं यांच्याबरोबर लेव्ही नाकारणं हाही लढ्याचा भाग झाला. 1965 च्या सुमारास महाराष्ट्र सरकारनं ज्वारीची एकाधिकार खरेदी, म्हणजे ज्वारी फक्त सरकारनंच घ्यायची अशी योजना, आणली, तेव्हा म्हाताऱ्यांनी त्या नव्या योजनेलाही जुनंच नाव दिलं. माझे आजोबा ‘पहिली लेव्ही’ आणि ‘दुसरी लेव्ही’ असं म्हणत. इतिहासाचं पुस्तक न वाचलेल्या माणसानं केलेली ही कालगणना मला फार मोलाची वाटते.

(जाता जाता पहिल्या महायुद्धाचंही सांगतो. त्या युद्धात चांदीची टंचाई झाली, म्हणून ब्रिटिश सरकारनं 1917 च्या अखेरीस एक रुपयाची कागदी नोट काढली, आणि 1918 पासून निजाम सरकारनंही स्वतःच्या नोटा आणल्या. निजामाचा रुपया ‘हाली’, इंग्रजांचा ‘कलदार’. हाली म्हणजे सध्याचा, चालू. कलदार म्हणजे कळीवर, यंत्रावर पाडलेला. सात हाली म्हणजे सहा कलदार. कागद आल्यावर खणखणणाऱ्या रुपयाची किंमत माणसाच्या मनात आणखी वाढली. “कलदार मोजून दिले” हे माझी आजी शेवटपर्यंत म्हणायची. हाली सिक्का 1959 साली चलनातून गेला, कलदार मात्र बोलण्यात टिकला.)

युद्ध 1945 साली संपलं. मग कंट्रोल का संपलं नाही? युद्ध थांबलं म्हणून टंचाई थांबत नसते. खुद्द इंग्लंडात युद्ध चालू असताना पावावर रेशन नव्हतं, ते 1946 साली, म्हणजे जिंकल्यानंतर लागलं, आणि तिथलं रेशनिंग पुरतं उठायला 1954 उजाडलं. पश्चिम जर्मनीत 1948 च्या जूनमध्ये नवा मार्क आला, सोबत बहुतेक भावबंधनं काढली आणि दुकानं मालानं भरली. आपल्याकडं उलट घडलं. गांधीजींचा कंट्रोलला विरोध होता. ते काळाबाजाराला जन्म देतं आणि माणसाला लाचार करतं, असं त्यांचं मत होतं. 1947 च्या डिसेंबरात सरकारनं धान्यावरची बंधनं उठवायला घेतली, भाव भडकले, आणि 1948 च्या शरदात ती पुन्हा लावली. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 ला निजामाच्या हातून सुटला तो याच दिवसांत. राज्य बदललं, दुकानाच्या दारावरचा शब्द तोच राहिला.

1954 पर्यंत ही बंधनं बरीचशी निघाली. तिथं शब्द विरून जायला हरकत नव्हती. पण युद्धानंतर अमेरिकेत धान्याचे ढीग साठले होते. ते खपवायला 1954 साली तिथं एक कायदा झाला, आपल्याकडं ‘पी.एल. 480’ म्हणून ओळखतात तो. 1956 पासून त्याखाली गहू येऊ लागला आणि तो वाटायला पुन्हा दुकानं लागली. 1965 साली अन्न महामंडळ उभं राहिलं. जुना शब्द नव्या दुकानावर जाऊन बसला.

या अमेरिकी धान्यातलं मराठवाड्याच्या आठवणीत सगळ्यात खोल रुतलेलं म्हणजे ‘मिलो’. लाल, जाड, कडसर ज्वारी. 1972 च्या दुष्काळात कंट्रोलात तीच मिळायची. मिलो हे तिकडं त्या ज्वारीचंच नाव आहे, आमच्याकडं मात्र ते वर्षाचं नाव झालं. “मिलोच्या साली झाला तो” असं वय सांगणारी माणसं मी ऐकली आहेत. मावशी सांगते, पीठ कितीही मळलं तरी भाकरी थापताना कडा फाटायच्या. तव्यावर टाकली की लालसर काळी दिसायची. मुलं ती दुधात कुस्करून मागायची, आणि दूध कुठलं. मालदांडी ज्वारीच्या पांढऱ्याशुभ्र भाकरीवर वाढलेल्या माणसांना ती भाकरी बघूनच गलबलून यायचं. तुमच्या सासूबाई ‘कंट्रोलचा’ म्हणताना जो सूर लावतात, तो त्या दिवसांपासून आलाय, असं मला वाटतं. ‘कंट्रोलचं’ हे विशेषण जाडंभरडं, नाइलाजानं घेतलेलं, अशा अर्थानं रूढ झालं. ‘कंट्रोलचं कापड’ म्हणतानाही हाच सूर असायचा. लग्नाच्या पंगतीत “भात कंट्रोलचा दिसतोय” असं कुणी हळूच म्हटलं तर यजमानाला ते लागतं.

आता कंट्रोल या शब्दाच्या मुळाबद्दल. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवून थोडा वेळ बसून राहिलो होतो. इंग्रजीत हा शब्द आला जुन्या फ्रेंचमधून, आणि तिथं त्याचा अर्थ होता ‘उलट वही’: हिशेबाची दुसरी प्रत, जिच्याशी पहिली ताडून बघायची. ‘काँत्र’ म्हणजे समोरची, ‘रोल’ म्हणजे कागदाची गुंडाळी. नियंत्रण हा अर्थ नंतरचा. आधी होत्या फक्त समोरासमोर ठेवलेल्या दोन वह्या.

मावशीच्या गावच्या कंट्रोलात मी लहानपणी हेच बघत होतो. दुकानदाराच्या मांडीवर लांबट रजिस्टर, मावशीच्या हातात कडा झिजलेलं कार्ड. तो रजिस्टरात लिहायचा, मग कार्डावर लिहायचा, आणि मावशी, जिला वाचता येत नव्हतं, ती दोन्हीकडं बोट ठेवून आकड्याचा आकार सारखा आहे का ते बघायची. एकदा आकार जुळला नाही. ती तिथून हलली नाही. मागं रांग कुरकुरत होती, तरी तो पुन्हा मोजून साखर देईपर्यंत ती उभी राहिली.

आता रजिस्टरच्या जागी यंत्र आलंय. त्यावर अंगठा ठेवायचा. कापूस वेचून आणि भांडी घासून मावशीच्या बोटावरच्या रेषा पुसल्या आहेत. ती अंगठा पदराला पुसते, पुन्हा ठेवते, आणि बाहेर येऊन सांगते, “अंगठा उठंना गं, उद्या ये म्हणला.” 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं गहू दोन रुपये नि तांदूळ तीन रुपये किलो झाला, आणि 2023 च्या जानेवारीपासून तो फुकट मिळतो. बांधून द्यायला भावच उरला नाही, तरी ती “कंट्रोलात गेले होते” असंच म्हणते.

‘शिधा’ हा शब्दही मला आवडतो. पाहुण्याला, वाटसरूला शिजवून घेण्यासाठी दिलेलं कोरडं धान्य, असा त्याचा जुना अर्थ आहे. 2022 च्या दिवाळीतल्या ‘आनंदाचा शिधा’ योजनेनं तो पुन्हा लोकांच्या तोंडी आला. त्यात देणाऱ्याचा आदर आहे. मुलांना तो जरूर शिकवा, अर्ज लिहिताना लागेल. पण तो शिकवण्यासाठी कंट्रोल पुसू नका. घरात दोन्ही राहू द्यात.

आणि एक विनंती. सासूबाईंना एकदा निवांत बसवून मिलोची भाकरी कशी थापायच्या ते विचारा. पीठ भिजवायला ऊन पाणी घ्यायच्या की गार, कडा फाटू नयेत म्हणून त्यात काय मिसळायच्या, आणि त्या वेळी कंट्रोल कुणाच्या ओसरीवर भरायचं. त्या जे शब्द वापरतील ते जसेच्या तसे मला लिहून पाठवा.