राग आवरायला शिकवायचं ते शांत असताना

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

सातवीच्या वर्गाला शिकवणं जड जातंय, हे तुझ्या फोनवरून कळलंच. मधल्या सुट्टीत कबड्डीत कोण आऊट यावरून जुंपते आणि ते भांडण तुझ्या गणिताच्या तासात उतरतं. तू तिथल्या तिथे समजावायला जातेस. पण कानशिलं तापलेल्या पोराच्या डोक्यात त्या घडीला काही शिरत नाही. स्वतःला आवरायचं काम करणारा मेंदूचा पुढचा भाग पार पंचविशीपर्यंत घडत असतो, आणि हे पोर अजून बारा वर्षांचं आहे.

म्हणून शिकवायचं ते सगळं शांत असताना. परिपाठ झाला की रोज दोन मिनिटं, चार अंक मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. श्वास सावकाश सोडला की हृदयाचे ठोके मंदावतात. सुरुवातीला पोरं फिदीफिदी हसतील. हसू देत. अंगवळणी पडलेलंच ऐनवेळी आठवतं.

भांडण पेटलं की तुझा आवाज खाली आण. दोघांना वेगळं कर, पाणी प्यायला पाठव. अख्ख्या वर्गासमोर ‘सॉरी म्हण’ असा हट्ट धरू नकोस. चारचौघांत मान खाली गेली की मूल डूख धरतं. मात्र शाळा सुटायच्या आत दोघांशी बोलच. ‘का मारलंस?’ नको, ‘त्याच्या आधी काय झालं?’ असं विचार. बहुतेकदा आत अपमान असतो, कधी घरातली भांडणं, कधी तर सकाळपासून पोटात काही नसतं. कुणी ‘दोन ठेवून दे’ म्हणेल, ते मनावर घेऊ नकोस. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही बंदी केली आहे.

मला जास्त काळजी वाटते ती गप्प मुलांची. घटक चाचणीच्या दिवशी नेमकं पोट दुखणारी मुलगी, नखं रक्त येईपर्यंत कुरतडणारा मुलगा. ती कुणाला त्रास देत नाहीत, म्हणून नजरेतून सुटतात. पेपर हातात आला की आधी येणारा प्रश्न सोडवायला सांग. गुण मोठ्याने वाचू नकोस.

आणि एखादं मूल ‘जगावंसं वाटत नाही’ म्हणालं, किंवा घरी मार खातंय असं कळलं, तर ते गुपित ठेवू नकोस. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांग. मनाच्या त्रासासाठी टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८, दोन्ही क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत लिहून ठेव आणि पुसू देऊ नकोस.

तुझ्या,
बाई