रॉटरडॅमची नोकरी आणि बंदरावरचे सायबर हल्ले

ताई, तुम्ही न्हावा शेव्याला डॉक्युमेंटेशन बघता, नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या फ्रेट फॉरवर्डिंगची, म्हणजे लोकांचा माल पाठवायची व्यवस्था बघायची, ऑफर हातात आहे, आणि "तिथल्या बंदरावर रशियन हॅकर हल्ले करतात, जाऊ नकोस" म्हणून घरचे मागे लागलेत, असं तुम्ही लिहिलंत. मी इथे सहा वर्षं याच कामात आहे. नक्की या. फक्त हल्ल्याहल्ल्यातला फरक घरच्यांना समजावून सांगा.

जून 2023 मध्ये रॉटरडॅम, अ‍ॅमस्टरडॅम, डेन हेल्डर या बंदरांच्या वेबसाइट बंद पाडल्या. करणारी टोळी रशियाधार्जिणी, नाव नोनेम057(16). नेदरलँड्स युक्रेनसाठी स्वित्झर्लंडकडून लेपर्ड रणगाडे घ्यायच्या बेतात होतं, त्याचा हा राग. ही टोळी एकाच साइटवर असंख्य मशीनवरून एकदम रिक्वेस्ट सोडते आणि साइट गुदमरते. आतल्या यंत्रणेला धक्का लागत नाही, तेव्हाही लागला नव्हता. जुलै 2025 मध्ये युरोपोल या युरोपीय पोलीस संस्थेच्या समन्वयातून त्यांचे शंभरावर सर्व्हर बंद केले गेले, तरी टोळी पुन्हा उभी राहिली. म्हणजे साइट अधूनमधून पडणारच.

भीती बाळगायची तर 27 जून 2017 ची. नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटला आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या सिस्टिममध्ये घुसला. मर्स्कचं रॉटरडॅममधलं टर्मिनल बंद पडलं, आणि त्याच दिवशी आपल्या न्हावा शेव्याच्या जेएनपीटी बंदरातलंही! मर्स्कला 4,000 सर्व्हर आणि 45,000 कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. मी तेव्हा उरणला होतो. प्रत्येक कंटेनरची चार अक्षरं, सात आकडे, सील नंबर, ट्रेलरचा नंबर, सगळं मी शंभर पानी वहीत पेनाने उतरवत होतो. एक आकडा चुकला की पेटी सापडणार नाही, या धास्तीने दोनदा ताडून बघायचो. ती वही मी इथे घेऊन आलोय.

म्हणून इंटरव्ह्यूत विचाराच: सिस्टिम पडली तर तुमच्याकडे काम हाताने कसं चालतं? ज्यांना याचं धड उत्तर देता येत नाही, त्यांच्याकडे मी तरी जाणार नाही.

घरगुती बाबतीतही तेच, सिस्टिम पडली तरी अडायला नको. आल्यावर पाच दिवसांत महापालिकेत नोंदणी करावी लागते. अपॉइंटमेंटचं पत्र, करार, जन्मदाखला छापून जवळ ठेवा. ट्रेनच्या गेटवर बँकेचं कार्ड टेकवलं की भागतं, अ‍ॅप लागत नाही. थोडी रोख रक्कम मात्र पर्समध्ये असू द्या.