वृद्धनिवासात राहणाऱ्या आईच्या झोपेवर कॅमेऱ्याशिवाय लक्ष ठेवता येतं का?

येतं. खोलीत कॅमेरा नको आणि मनगटावरचा पट्टा आई काढून ठेवते, असं तुम्ही लिहिलंय. मग गादीखालचा सेन्सर बघा. मी अशाच एका निवासात नर्स आहे, रोज सकाळी त्याच्या नोंदींचे आलेख बघते.

छातीच्या खाली येईल अशी एक पट्टी गादीखाली सरकवलेली असते. हृदयाच्या ठोक्याने अंगाला बसणारा बारीक हादरा आणि श्वासाची वरखाली तिला कळते. अमेरिकेत मिसुरीतल्या कोलंबियामध्ये २००४ साली सुरू झालेल्या ‘टायगरप्लेस’ या निवासात तिथल्या विद्यापीठाच्या नर्सिंग आणि इंजिनिअरिंगवाल्यांनी हे रहिवाशांच्याच घरांत वापरून पाहिलं. गादीखाली पाण्याने भरलेली नळी, खोल्यांत हालचाल टिपणारे सेन्सर, आणि नेहमीपेक्षा वेगळं दिसलं की नर्सला संदेश.

खरी मेख त्या ‘नेहमीपेक्षा’मध्ये आहे. अॅप झोपेला जे गुण देतं, ते मी बघतच नाही. रात्री दोनदा उठणारी बाई चार-पाचदा उठायला लागली, तर लघवीचा संसर्ग तपासायचा. उतारवयात तो ताप-जळजळ नसतानाही असू शकतो. किंवा लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी दिली जातेय का, ते बघायचं. पलंग रात्रभर रिकामा आणि आजी खुर्चीत बसून, म्हणजे आडवं झालं की धाप लागत असेल. हे हृदयाचं दुखणं असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. आलेख एकदम शांत झाला तरी मी खूश होत नाही. आधी विचारते, झोपेची नवी गोळी सुरू केली का? त्या गुंगीत बाथरूमला जाताना माणसं पडतात.

डोळे उघडे ठेवून निपचित पडलेला माणूस पट्टीला झोपलेलाच वाटू शकतो. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पंपाची हवेची गादी असेल, तर नोंदी बिघडू शकतात. झोपेत श्वास अडकतोय अशी शंका आली, तर स्लीप स्टडीच, म्हणजे झोपेत श्वास वगैरे मोजणारी वैद्यकीय तपासणी, करावी लागते.

पैसे भरण्याआधी निवासाला एकच विचारा: रात्रीचा इशारा कोण बघतं आणि तो बघून काय करतं? उत्तर गुळमुळीत आलं तर पट्टी घेऊ नका.

आणि नोंदी कुणाला दिसाव्यात, हे आईला ठरवू द्या. आमच्याकडच्या एका आजोबांनी फक्त नर्सला दिसतील अशी अट घातली. मुलगा रोज सकाळी फोन करून “बाबा, तीन वाजता का उठला होतात?” म्हणून उलटतपासणी घ्यायचा.