झाडं मोजणारा आणि झाडं घेणारा

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. आजोबांच्या डोंगराचा सातबारा तुझ्या नावावर झाला आणि पंधरा दिवसांत ठेकेदार दारात आला, हे वाचून काळजी वाटली. "झाडं मोजायला जाणकार माणूस मीच आणतो," असं तो म्हणतोय ना? तिथेच थांब.

आमचा डोंगर मी असाच उक्ता दिला होता. सल्ला देणाऱ्याची टक्केवारी ठेकेदाराकडे ठरलेली होती, हे मला फार उशिरा कळलं. ठरली होती फक्त जाड झाडं. ऐन-किंजळ सरसकट गेले. तोडलेल्या झाडांचे खुंट उंच आणि फाटके ठेवले, त्यात पाणी मुरून निम्मे कुजले. फुटवे आलेच नाहीत. अजून तिकडे बघवत नाही.

म्हणून जाणकार तू स्वतः शोध आणि त्याला पहिलं विचार, तुमचे पैसे कोण देणार? फी दिवसावर ठरव, लाकडावर नको. दापोलीच्या कृषी विद्यापीठात वनशास्त्राचं महाविद्यालय आहे, तिथे चौकशी कर. निवृत्त वनक्षेत्रपालही भेटतील. पण पदवीवर किंवा हुद्द्यावर जाऊ नकोस. पाच वर्षांपूर्वी त्याने कुणाची तोड करून दिली ते विचार आणि तो डोंगर स्वतः चढून बघ.

उभ्या झाडाचा घेर तो साडेचार फुटांवर, छातीच्या उंचीला घेतो का, बघ. मग एका ओंडक्याचं माप मांडून दाखवायला सांग. घेर 48 इंच, लांबी 12 फूट. घेराचा चौथा भाग 12 इंच, म्हणजे 1 फूट. 1 गुणिले 1 गुणिले 12, झाले 12 घनफूट. व्यापारात हेच चालतं. पण गोल ओंडक्यात प्रत्यक्षात 15 घनफुटांवर लाकूड असतं. हे जो आपणहून सांगेल, त्याच्यावर विश्वास टाकायला हरकत नाही.

डोंगर चढण्याआधी त्याने सातबारा मागायला हवा. त्यातल्या इतर हक्कांच्या रकान्यात 1975 च्या खाजगी वन संपादन कायद्याची नोंद असली तर सगळंच प्रकरण बदलतं. ती नसली तरी साग, ऐन, किंजळ, खैर यांना 1964 च्या वृक्षतोड कायद्याने वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. "कागदाचं मी बघतो" म्हणणारा नको.

वरच्या कड्यावर जुना बेहडा आहे, त्याच्या ढोलीत धनेश पक्षी घरटं करतो. त्या माणसाला तिथवर ने आणि तू गप्प राहा. तो काय म्हणतो ते मला कळव.

तुझा,
काका